दिगंबररावांच्या हाताचा गुण

हिंगणघाटच्या बाजारपेठेत दिगंबररावांचं औषधाचं दुकान एकेचाळीस वर्षं चाललं. त्यातली निदान तीस वर्षं गावातला निम्मा ताप, निम्मा खोकला आणि जवळजवळ सगळी अंगदुखी डॉक्टरची पायरी न चढता त्यांच्या काउंटरवरच बरी झाली. गिऱ्हाईक यायचं, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही, नुसतं म्हणायचं, भाऊ, काहीतरी द्या. मग दिगंबरराव चष्म्यावरून एकदा बघायचे, दोन-चार गोळ्या काढून कागदाच्या पुडीत बांधायचे आणि सकाळ-संध्याकाळ घ्यायला सांगायचे. पुडीत काय आहे ते विचारायची पद्धत नव्हती, आणि सांगायची तर मुळीच नव्हती. बहुतेक पुड्यांत एक बारीक पांढरी गोळी असायची, स्टेरॉइडची. ती पडलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी उठवून बसवते हे दिगंबररावांना पक्कं ठाऊक होतं. गावात मात्र त्याला गोळीचा गुण कोणी म्हणत नसे. दिगंबरभाऊंच्या हाताला गुण आहे, असंच सगळे म्हणायचे. एकच गोष्ट माणसाने तीस वर्षं ऐकली की त्याला ती खरी वाटायला लागते.

बायको गेल्यावर त्यांनी दुकान विकलं आणि ऑक्टोबरात मुलाकडे, टेक्सासमधल्या प्लेनोला, सहा महिन्यांसाठी आले. येताना श्रीखंडाचा रिकामा डबा भरून औषधं आणली, कारण दम्याचा त्रास होता आणि परक्या देशातल्या औषधांवर त्यांचा भरवसा नव्हता. संग्रामचं घर एवढं मोठं की एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाला कळू नये, आणि राहणारी माणसं तीन. तीही दिवसभर बाहेर. संग्राम त्याच्या कंपनीत, सून नीलांबरी गाडी हाकत अर्विंगच्या ऑफिसात, आणि अकरा वर्षांची चैत्राली शाळेत. उरले दिगंबरराव आणि चिवडा.

चिवडा म्हणजे कुत्रा. सोनेरी केसांचा, बत्तीस किलोंचा, आठ वर्षांचा. घरी आणलं त्या पहिल्याच दिवशी त्याने पाहुण्यांसमोरच्या बशीतला चिवडा साफ केला आणि तीन वर्षांच्या चैत्रालीने त्याचं बारसं तिथेच उरकलं. आल्या आल्या दिगंबररावांना कुत्र्याने सोफ्यावर बसणं अजिबात पटलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात ते त्याला ‘तुमचा कुत्रा’ म्हणायचे, तिसऱ्या आठवड्यात ‘आमचा चिवडा’ म्हणायला लागले आणि दिवाळीपर्यंत सोफ्याच्या एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला तो, अशी वाटणी ठरून गेली. दिवसभरात मराठी बोलायला त्यांना तोच एक होता. तो ऐकूनही घ्यायचा, जे घरात दुसरं कोणी करत नव्हतं.

चिवड्याला आधीच्या वसंतात लिम्फोमा झाला होता, म्हणजे अंगभर ज्या लसिकाग्रंथी असतात त्यांचा कॅन्सर. उन्हाळाभर त्याला केमो दिली, गाठी गेल्या आणि घराने सुटकेचा निःश्वास टाकला. दिगंबरराव आले तेव्हा तो ठणठणीत होता. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी त्याची मान खाजवताना त्यांच्या बोटांना जबड्याखाली सुपारीएवढी गाठ लागली. दुसऱ्या बाजूलाही तेवढीच. गिऱ्हाइकांचे गळे चाचपून त्यांच्या बोटांना सवय झालेली. ते संध्याकाळपर्यंत कोणाशी काही बोलले नाहीत. संग्राम घरी आल्यावर मात्र त्याचा हात धरून त्यांनी त्या गाठींवर ठेवला.

नेहमीच्या डॉक्टरांनी सरळ सांगून टाकलं. परत आलेला आजार पहिल्यापेक्षा निबर असतो, तीच औषधं पुन्हा दिली तर फार तर काही आठवडे मिळतील. एक वाट मात्र उरली होती. तीन तासांवर एका विद्यापीठाचं जनावरांचं हॉस्पिटल होतं, तिथे आजार उलटलेल्या कुत्र्यांवर एका नव्या इंजेक्शनचा अभ्यास चालू होता. त्यात चिवड्याला घेतलं तर घेतलं.

तिथे त्यांना नेत्रा भेटली. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेली, आता इथे पीएचडी करणारी, खिशात गाठी मोजायची स्टीलची पट्टी घेऊन फिरणारी सडसडीत मुलगी. आत अमेरिकन डॉक्टरीणबाई संग्राम आणि नीलांबरीला अभ्यासाचे नियम समजावून सांगत होत्या तेव्हा बाहेर नेत्राने चिवड्याच्या गाठी मोजल्या, आकडे लिहून घेतले आणि मराठी माणूस भेटल्याच्या आनंदात दिगंबररावांशी दहा मिनिटं बोलली. तिने काही गुलाबी चित्र रंगवलं नाही. या आजाराची मुख्य औषधं अजून जुनीच आहेत, म्हणाली. ती कशी द्यायची हे आता जास्त चांगलं कळतं, पण त्याने कुत्र्यांच्या आयुष्यात महिने वाढले, वर्षं नाही वाढली. मांजरांचं तर याहून मागे, त्यांच्यावर अभ्यासच कमी. दिगंबररावांनी धंदेवाल्या माणसाचा प्रश्न विचारला. तुमच्या या इंजेक्शनने किती बरे झाले?

“बरे नाही म्हणत मी, काका. अकरांना दिलं. चौघांच्या गाठी बसल्या. त्यातले दोघं अजून आहेत.”

घरी आल्यावर दिगंबररावांनी ते ‘दोघं’ चैत्रालीला अशा थाटात सांगितलं की दोनशे असावेत. रिपोर्ट यायचे होते, म्हणून पहिलं इंजेक्शन दहा दिवसांनी ठरलं.

आत सांगितलेल्या नियमांत एक नियम असा होता की आधीचे चार आठवडे कुत्र्याच्या पोटात स्टेरॉइड गेलेलं नसावं. संग्रामने वाचलं आणि सही केली. केमोबरोबरच्या त्या गोळ्या गेल्या उन्हाळ्यातच बंद झाल्या होत्या, त्यामुळे त्यात बाबांना सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नाही. बाबांसाठीच्या सूचना फ्रिजवर चिकटवलेल्या होत्या. कांदा नाही, लसूण नाही, द्राक्षं नाहीत, चॉकलेट नाही. दिगंबरराव त्या अक्षरशः पाळत. त्यात गोळ्यांचा उल्लेख नव्हता, कारण घरातला कोणी आपल्या डब्यातली गोळी काढून कुत्र्याला देईल हे प्लेनोत कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं. हिंगणघाटात आलं असतं.

चौथ्या दिवशी चिवड्याने खाणं सोडलं. भांड्यातलं खाणं तसंच, पाणी तसंच. दुपारी तो सोफ्यावर चढायला गेला आणि मागचे पाय घसरून खाली बसला. मग त्याने दिगंबररावांकडे बघितलं. त्यांनी संग्रामला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता, दबक्या आवाजात म्हणाला, बाबा, सहा दिवस राहिलेत फक्त, काही करू नका, थांबा. आता थांबणं ही गोष्ट दिगंबररावांना जन्मात जमली नव्हती. समोर कोणी दुखणं घेऊन बसलंय आणि आपण हातावर हात ठेवून बघतोय, असं एकेचाळीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं. आणि सहा दिवसांनी इंजेक्शन द्यायला कुत्रा तर जिवंत हवा.

त्यांनी श्रीखंडाचा डबा उघडला. दम्यासाठी आणलेली पांढऱ्या गोळ्यांची पाकिटं त्यात होतीच. बत्तीस किलो म्हणजे दहा-अकरा वर्षांचा पोरगा, असा त्यांनी हिशेब धरला. मग सहा दिवसांच्या गोळ्या काढून टपालातून आलेला कुठल्याशा दुकानाच्या जाहिरातीचा कागद फाडला आणि त्याच्या व्यवस्थित पुड्या बांधल्या. पुडी बांधायची काही गरज नव्हती, पण हातांना दुसरी रीत माहीत नव्हती. पोळीचा तुकडा तुपात बुडवून, आत गोळी ठेवून त्यांनी तो चिवड्यापुढे धरला. सकाळपासून कशालाही तोंड न लावलेल्या चिवड्याने तो त्यांच्या बोटांमधून अलगद उचलून घेतला.

दुसऱ्या दिवशी चिवड्याने भांडं चाटून पुसून ठेवलं. तिसऱ्या दिवशी तो दारातून चैत्रालीच्या अंगावर उडी घेऊन तिला गवतावर लोळवून आला. घरात सण असल्यासारखं झालं. नीलांबरी ऑफिसातून लवकर येऊन त्याच्याशी खेळत बसली. संग्रामने गाठी चाचपल्या आणि त्या लहान झाल्यासारख्या वाटतात म्हणाला, मग आपल्याच म्हणण्याची भीती वाटून त्याने हात काढून घेतला. चैत्रालीने शाळेत सगळ्यांना सांगितलं की चिवडा फाइट करतोय. दिगंबरराव सोफ्यावर आपल्या टोकाला बसून हे सगळं बघत होते, आणि खरं सांगायचं तर इतक्या सुखात ते बायको गेल्यापासून कधी नव्हते. सांगून टाकावं असं दोनदा वाटलं. पण पुडीत काय आहे ते सांगायचं नसतं. शिवाय संग्राम कॉलेजात असताना एकदा दुकानात येऊन त्यांना म्हणाला होता की बाबा, हे तुम्ही डॉक्टर-डॉक्टर खेळता. ते बोलणं ते विसरले नव्हते.

ठरल्या दिवशी सगळे मिळून गेले. चैत्रालीने शाळा बुडवली. नेत्राने चिवड्याला टेबलावर घेतलं, पट्टी काढली, एक गाठ मोजली, कागद बघितला आणि तीच गाठ पुन्हा मोजली. मग बाकीच्या मोजल्या. संग्राम उत्साहाने म्हणाला की लहान झाल्यात ना, आम्हालाही वाटलंच होतं. नेत्रा हसली नाही. ती आत जाऊन डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. दोघींनी मिळून मोजल्या. दिगंबररावांनी आयुष्यभर माणसांचे चेहरे वाचून पोट भरलं होतं. गाठी निम्म्याने उतरल्या आहेत आणि या दोघींचे चेहरे पडले आहेत, एवढं त्यांना कळलं. ते का, ते कळेना.

डॉक्टरीणबाईंनी संग्रामला विचारलं, याला काही दिलं का, प्रेडनिसोन वगैरे? संग्राम ठामपणे नाही म्हणाला. नीलांबरी जरा तिखट आवाजात म्हणाली की आम्ही फॉर्म वाचून सही केलीय, आम्ही काही अडाणी नाही. बाकीचं इंग्रजी दिगंबररावांच्या डोक्यावरून गेलं, पण तो एक शब्द, त्याच पांढऱ्या गोळीचा, त्यांनी एकेचाळीस वर्षं थोड्या फरकाने पाकिटांवर वाचला होता. नेत्राने खोलीतल्या एकेकाकडे बघितलं आणि शेवटी ती त्यांच्याकडे वळली. आवाज अगदी साधा ठेवून तिने विचारलं, काका, तुम्ही काही दिलं होतं का त्याला?

नाही म्हणता आलं असतं. म्हाताऱ्या माणसाला दोनदा कोणी विचारत नाही. इंजेक्शन बाहेर ट्रेमध्ये भरून तयार होतं, हेही त्यांना दिसत होतं. पण चैत्राली पट्टा हातात धरून त्यांच्याकडे बघत उभी होती, आणि का कोण जाणे, तिच्यासमोर त्यांना पुडी बांधता येईना.

“मी दिली,” ते म्हणाले. “सहा दिवस. माझ्याच डब्यातली.”

मग दिगंबररावांनी घाईघाईने पुढे बोलायला सुरुवात केली. तो खात नव्हता, उठत नव्हता, आणि आता बघा ना, किती सुधारलाय, गाठीही बसल्या, मग यात बिघडलं काय? उलट आता इंजेक्शन चांगलं लागू पडेल. शेवटी ते नेत्राला हळूच म्हणाले की पोरी, लिहू नकोस ना. कोणाला कळणार आहे?

नेत्रा त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. तिचे डोळे भरून आले होते, पण बोलली ती स्पष्ट.

“काका, ती गोळी गाठी बसवते. आजार नाही बसवत. तिने मरतात त्या कमजोर पेशी. उरतात त्या चिवट, आणि त्या औषधाला दाद न द्यायला शिकतात. तुम्हाला वाटतं सुधारला, पण आत तो बिघडत असतो. आता मी हे लिहिलं नाही तर उद्या आम्ही म्हणू की बाराव्याला फायदा झाला, आणि तेराव्याला, चौदाव्याला त्याच खोट्या भरवशावर टोचत बसू.”

दिगंबररावांना पुढचं नीट ऐकू आलं नाही. त्यांच्यासमोर श्रीरंग मास्तर उभे राहिले होते.

बावीस वर्षं झाली असतील. जिल्हा परिषदेच्या शाळेतले श्रीरंग मास्तर, गळ्याला मफलर गुंडाळलेले, काउंटरवर येऊन म्हणाले होते की भाऊ, मानेत गाठी आल्यात, सर्दीच्या असतील. दिगंबररावांनी चाचपून बघितल्या आणि पुडी दिली. आठवड्यात गाठी बसल्या. मास्तरांच्या बायकोने पेढे आणून दिले आणि नेहमीचं ते वाक्य म्हटलं. गाठी परत आल्या, त्यांनी पुन्हा पुडी दिली, जरा वाढवून. असं चार महिने चाललं. नंतर गाठी बसेनात तेव्हा मास्तर नागपूरला गेले, आणि पाच महिन्यांत संपले. हाच आजार. दिगंबरराव मयतीला गेले होते. मास्तरांनी दाखवायला उशीर केला, असं ते स्मशानात चार जणांना म्हणाले होते, आणि तेव्हापासून आजपर्यंत ते त्यांना खरंच वाटत आलं होतं. उशीर मास्तरांनी केला नव्हता. पहिल्या आठवड्यात ते ज्याच्याकडे आले होते, त्याने त्यांना चार महिने बरं दाखवून ठेवलं होतं. आणखी किती जण असतील, याचा विचार त्यांनी करायला घेतला आणि तो पुढे नेण्याची त्यांची छाती झाली नाही.

डॉक्टरीणबाईंनी एवढंच सांगितलं की चार आठवडे काहीही न देता काढले, आणि कुत्रा तोवर तग धरून राहिला, तर पुन्हा बघता येईल. नेत्रा म्हणाली, मी जागा धरून ठेवते. चिवडा टेबलावरून उडी मारून उतरला आणि सगळ्यात आधी दिगंबररावांचा हात चाटायला गेला.

गाडीत दीड तास रेडिओही लागला नाही. नंतर संग्राम समोरच्या रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, “बाबा, दुकान विकलं होतं ना तुम्ही?” त्यात राग असता तर बरं झालं असतं. दिगंबररावांनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं. मागच्या सीटवर चिवडा चैत्रालीच्या मांडीवर डोकं ठेवून स्वस्थ झोपला होता, सहा दिवसांच्या गोळ्यांच्या जोरावर.

घरी आल्यावर नीलांबरीने श्रीखंडाचा डबा फ्रिजवरच्या कपाटात ठेवला. दम्याची गोळी लागली तर मागून घ्या बाबा, म्हणाली, आणि नम्रपणेच म्हणाली. सुनेकडे हात पसरून गोळी मागण्यापेक्षा दिगंबररावांनी दम सहन केला. चैत्रालीने फ्रिजवर, कांदा-लसणाच्या यादीच्या शेजारी, अठ्ठावीस चौकोनांचा कागद चिकटवला आणि रोज सकाळी ती एक चौकोन रंगवायला लागली. पहिले चार हिरवे होते. चिवडा खात होता, फिरत होता, आणि घरातल्या सगळ्यांना वाटायला लागलं होतं की कदाचित जमेल. दिगंबरराव तेवढे वाट बघत होते. गोळीचा जोर उतरल्यावर काय होतं ते त्यांनी काउंटरच्या मागून पुष्कळदा बघितलं होतं, फक्त तेव्हा ते त्याला दुसरी पुडी न्यायची वेळ झाली असं म्हणत.

पाचव्या दिवसापासून उतरण लागली. सातव्या दिवशी गाठी पूर्वीपेक्षा मोठ्या होऊन परत आल्या, लिंबाएवढ्या. नवव्या दिवशी, शनिवारी सकाळी, चिवड्याच्या गळ्यातून करवत चालल्यासारखा आवाज यायला लागला. तो आडवा होऊ शकेना. आडवा झाला की श्वास अडकायचा, म्हणून पुढचे पाय ताणून बसून राहायचा आणि बसल्या बसल्या डोळे मिटायचा. नेहमीचे डॉक्टर म्हणाले, आता दोनच गोष्टी आहेत. त्याला कायमचं झोपवून यातनेतून सोडवा, किंवा थोडे दिवस आराम पडावा म्हणून प्रेडनिसोन द्या. संग्रामने नेत्राला फोन लावून स्पीकरवर टाकला. ती म्हणाली की गोळी दिली की आमचं दार बंद, कायमचं. नाही दिली तर तो अठ्ठावीस दिवस काढेल असं मला वाटत नाही. माझा असता तर मी दिली असती.

संग्रामने फोन ठेवला आणि गॅरेजमध्ये जाऊन गाडीत बसला. कुठे जायचं नव्हतं. नीलांबरी सिंकसमोर उभी राहिली आणि काही नसताना नळ सोडून ठेवला. चैत्रालीने खुर्ची ओढली, वर चढून कपाटातला श्रीखंडाचा डबा काढला आणि आणून आजोबांच्या मांडीवर ठेवला. ती अमेरिकेतल्या पोरांच्या रीतीने घरात सगळ्यांनाच अरे-तुरे करायची.

“आजोबा, तू दे.”

दिगंबररावांनी डब्याला हात लावला नाही. एकेचाळीस वर्षांत जे त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं, ते त्यांनी त्या पोरीला पहिल्यांदा सांगितलं.

“चैतू, ही गोळी कसली आहे ते ऐक. याने तो बरा होणार नाही. चार-आठ दिवस बरा दिसेल, तुला वाटेल झालं, आणि मग जाईल. ही दिली की ते इंजेक्शन कधीच नाही. नीट ऐकलंस?”

“आय नो,” ती म्हणाली. “आय गूगल्ड इट. बट ही कांट ब्रीद, आजोबा. आणि तो फक्त तुझ्या हातून घेतो.”

नळ बंद झाला. नीलांबरीने हात पुसले, पोळ्यांच्या डब्यातली पोळी काढली, तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि बशीत घालून सासऱ्यांपुढे ठेवला. दिगंबररावांनी पाकिटातून गोळी काढली. पुडी बांधली नाही. गोळी पोळीत ठेवताना दोनदा खाली पडली. चिवड्याला गिळणं जड जात होतं, तरी त्याने तो तुकडा घेतला, जिभेने फिरवत फिरवत आत नेला आणि शेपूट एकदा, थकून, जमिनीवर आपटली. दिगंबरराव रडले. सून आणि नात समोर आहेत याचं त्यांना काही वाटलं नाही. चैत्रालीने फ्रिजवरचा कागद काढला, घडी केली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

गोळीने आपलं काम चोख केलं. रविवारी तो आडवा होऊन झोपला, सोमवारी जेवला. बुधवारी सकाळी दिगंबरराव त्याला घेऊन घरामागच्या तळ्याकाठच्या रस्त्याने निघाले, तेव्हा त्याने बदकांवर धाव घ्यायचाही प्रयत्न केला. समोरच्या घरातली पांढऱ्या केसांची बाई वाटेत भेटली. तिने चार दिवसांपूर्वी त्याला अंगणात धापा टाकताना बघितलं होतं. ती खाली बसली, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून कौतुकाने बघत राहिली आणि दिगंबररावांना काहीतरी म्हणाली. त्यांना एवढंच समजलं की हा छान दिसतोय, तुम्ही याला जे काही देताय ते देत राहा. मग तिने त्यांचा हात आपल्या हातात घेऊन थोपटला.

असं नाही हो, हा हात तसा नाही, असं तिला सांगायला त्यांच्यापाशी इंग्रजी नव्हतं. मराठी असतानाही मास्तरांच्या बायकोला ते कुठे सांगितलं होतं. तेव्हा त्यांनी पेढ्यांचा पुडा घेतला होता आणि हसून मान हलवली होती. आताही ते “थँक्यू” म्हणाले आणि पुढे चालायला लागले. पंधरा एप्रिलचं परतीचं तिकीट होतं. त्याआधी हा जाणार हे ठरलेलं होतं, आणि आपण हिंगणघाटला जाऊन मास्तरांच्या घरावरून रोज बाजारात जाणार हेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठून खाली आले. घर अजून झोपेत होतं. गोळी आता बंद करता येत नव्हती, बंद केली की तो आवाज पुन्हा सुरू झाला असता, म्हणून त्यांनी पोळी गरम केली आणि तूप काढलं. मागे वळून बघतात तो चिवडा आधीच येऊन बसला होता, कान टवकारून, त्यांच्या हाताकडे बघत. श्रीरंग मास्तरही असेच दुकान उघडायच्या आधी येऊन पायरीवर बसायचे.